कमलाबाई सोहोनी यांचें पूर्वचरित्र : कांहीं विधानांची चिकित्सा

१

प्रसिद्ध जीवरसायनशास्त्रज्ञ कै. डॉ. कमलाबाई सोहोनी यांची चरित्रपर हकीकत अलीकडे पुष्कळ ठिकाणीं छापून येऊं लागली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीनें २००८ सालीं भारतीय स्त्रीवैज्ञानिकांच्या चरित्रांचा 'लीलावतीज् डॉटर्स' हा जो संग्रह काढला, त्यांत त्यांस स्थान मिळालें. १८ जून २०२३ रोजीं गूगल कंपनीनें आपल्या मुखपृष्ठावर त्यांचें चित्र घातलें, व तेव्हांपासून वृत्तपत्रांतून आणि मुलांच्या वाचनांतून त्यांचें नांव अधिकच पसरलें. एका मराठी विदुषीचें असें स्मरण व्हावें ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु हे सर्व लेख एकत्र ठेवून वाचले असतां इतिहासाच्या अभ्यासकास दोन गोष्टी खटकल्यावांचून राहत नाहींत. एक ही, कीं ज्या प्रसंगानें त्यांचें नांव गाजलें तो बंगळूरच्या प्रवेशाचा प्रसंग सर्वांनीं विस्तारानें सांगितला आहे, पण त्यापूर्वींचीं वीस-बावीस वर्षें मात्र दोन-चार वाक्यांत उरकलीं आहेत. दुसरी ही, कीं त्या दोन-चार वाक्यांतच एकमेकांशीं न जुळणारीं, आणि कांहीं तर मुळांतच असंभवनीय, अशीं विधानें आढळतात.

ह्या विषयाकडे आमच्या जिल्ह्यानें लक्ष द्यावें ह्यास आणखी एक कारण आहे. कमलाबाईंच्या वडील भगिनी, सुप्रसिद्ध लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत, यांच्या चरित्रांत शालेय शिक्षणाचीं गांवें म्हणून मुंबई, अहमदनगर, नाशिक, धारवाड व पुणें अशीं नांवें दिलेलीं असतात. तेव्हां दुर्गाबाई नगरास शिकल्या, कमलाबाई त्यांच्या पाठच्या, म्हणून कमलाबाईही नगरच्याच विद्यार्थिनी, असें अनुमान करण्याचा मोह येथील अभिमानी माणसास सहज पडेल. हें अनुमान कितपत टिकतें, व तें न टिकल्यास नगरच्या वांट्यास काय उरतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. ओघानें जन्मवर्ष, महाविद्यालय, बंगळूरचा प्रवेश व 'पहिली स्त्री' हें बिरुद या चारही मुद्यांची छाननी करावी लागली. कमलाबाईंचें श्रेय उणें करणें हा तिचा उद्देश नाहीं. चुकीच्या आधारावर उभें केलेलें श्रेय पहिल्या आक्षेपासरशीं ढांसळतें, म्हणून तें नीट आधारावर ठेवावें एवढाच हेतु आहे.

२

प्रथम जन्मकाल पाहूं. आज सर्वत्र रूढ असलेली तिथि १८ जून १९११ ही आहे, व गूगलनें तीच धरली. तथापि त्यापूर्वीं छापलेल्या कित्येक टांचणांत जन्म १९१२ सालचा दिलेला आहे. जन्मस्थान इंदूर, याविषयीं मात्र मतभेद दिसत नाहीं. दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा. म्हणजे दोघी बहिणींच्या वयांतील अंतर एका मतानें सव्वा वर्षाहून थोडें अधिक, तर दुसऱ्या मतानें दोन वर्षांच्या आगेमागें पडतें. हा भेद वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु दोघी एकाच गांवीं, एकाच काळीं, लागून लागून असलेल्या इयत्तांत होत्या कीं काय, हा प्रश्न जेव्हां येतो तेव्हां एका वर्षाचा फरकही मोठा होतो. पाठीला पाठ लावून आलेल्या दोन मुली एकदमच शाळेंत घालण्याची चाल मध्यमवर्गीय घरांत होती; अंतर जास्त असलें म्हणजे धाकटी कांहीं दिवस घरीं राही. म्हणून एका चरित्रकारानें दुसऱ्याचा आंकडा न पाहतां उतरून घेणें हें येथें दोषास्पद ठरतें.

कुळाविषयीं जी माहिती मिळते ती अधिक भरंवशाची व अधिक महत्त्वाचीही आहे. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे अभ्यासक असून बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेच्या आरंभींच्या विद्यार्थ्यांपैकीं होते. ही संस्था १९०९ सालीं स्थापन झाली, आणि तिनें पहिले विद्यार्थी घेतले ते १९११ सालीं; प्रथम ज्या शाखा उघडल्या त्यांत रसायन ही मुख्य होती. म्हणजे संस्थेचें अध्यापन आणि कमलाबाई, रूढ तिथि खरी धरल्यास, एकाच वर्षीं जन्मास आलीं. याच भागवतांच्या नात्यागोत्यांत राजारामशास्त्री भागवत (१८५१–१९०८) यांच्यासारखा संस्कृतज्ञ व सुधारक पंडित होऊन गेला होता. एका पिढींत शास्त्रीबुवा आणि पुढच्या पिढींत रसायनवेत्ते, अशी ही विद्येची परंपरा आहे.

चरित्रकार ही माहिती देतात, पण तिचा उपयोग करीत नाहींत. 'वडील व चुलते शास्त्रज्ञ होते' असें एक वाक्य लिहून ते थेट १९३३ सालावर उडी घेतात. वस्तुतः त्या काळच्या मुलीच्या शिक्षणाचा विचार करतां ह्याहून निर्णायक गोष्ट दुसरी नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या पादांत शिकणाऱ्या मुली होत्या; त्यांतल्या बहुतेकींचा ओढा वाङ्मय, संस्कृत, अध्यापन, किंवा फार तर वैद्यक यांकडे असे. वैद्यकांत स्त्रीची गरज समाजास समजत होती. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंतून डॉक्टर होऊन आल्या तेव्हांपासून ती वाट मळली होती. शुद्ध रसायनशास्त्राची तशी स्थिति नव्हती. परीक्षानळी, तराजू आणि भट्टी यांत आपल्या मुलीनें जन्म घालवावा असें कोणत्या बापास वाटणार? ज्यानें स्वतः तो व्यवसाय केला त्यासच. भागवतांच्या घरीं ही विद्या परकी नव्हती. तिचीं नांवें, तिचीं साधनें, तिच्यांतील यशापयश हीं घरांतल्या बोलण्यांतलीं होतीं. कमलाबाईंनीं रसायन निवडलें यांत बंडखोरी शोधणारे लेखक हें विसरतात, कीं ह्या निवडीच्या बाबतींत त्या घरच्याच वाटेनें चालल्या होत्या. घरच्या वाटेनें मुलगी चालली असतां बाहेरच्यांनीं तीस अडविलें, हें पुढच्या प्रसंगाचें खरें स्वरूप आहे.

३

आतां नगरचा प्रश्न. दुर्गाबाईंच्या शालेय शिक्षणाच्या यादींत पांच गांवें येतात, त्यांत नगर आहे. हीं पांच गांवें नकाशावर पाहिलीं तर कोंकणपट्टीपासून कर्नाटकापर्यंत पसरलेलीं आहेत. यावरून एवढें निश्चित, कीं दुर्गाबाईंचें बालपण एका गांवीं स्थिरावलेलें नव्हतें. कमलाबाईंच्या चरित्रलेखांत मात्र शाळांचीं नांवें किंवा गांवें प्रायः येतच नाहींत. ह्या मौनांत दुर्गाबाईंची यादी भरून काढावी काय?

आमच्या मतें काढूं नये. भावंडें नेहमीं एकत्रच शिकत असें धरणें त्या काळच्या व्यवहारास सोडून आहे. मोठ्या कुटुंबांत एखादें मूल आजोळीं, एखादें आत्याकडे, एखादें काकांच्या बिऱ्हाडीं ठेवून शिकविण्याची पद्धत सर्रास होती. मुलगी वयांत येऊं लागली म्हणजे तिच्या शाळेचा विचार आणखी निराळ्या रीतीनें होई. बहिणीच्या दाखल्यावरून बहिणीची हजेरी मांडतां येत नाहीं. शाळेचें जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचा दाखला, मॅट्रिकच्या परीक्षेची यादी, यांपैकीं एखादा कागद हातीं येईपर्यंत 'कमलाबाई नगरास शिकल्या' हें विधान इतिहासांत घेण्याजोगें नाहीं. उद्यां एखादी संस्था आपल्या भिंतीवर तशी पाटी लावूं म्हणेल तर तिला आम्ही हेंच सांगूं. पाटी एकदां लागली कीं पुढील लेखक तिचाच आधार देतात, आणि अनुमानाचें प्रमाण होऊन बसतें.

परंतु येवढ्यानें नगरचा संबंध संपत नाहीं. भागवतांच्या एका मुलीच्या शालेय गांवांत नगर यावें, आणि तें येणें कोणास नवलाचें वाटूं नये, ह्या स्थितीस स्वतःचा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशननें नगर येथें ठाणें केलें तें १८३१ सालीं. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ सालीं मुंबईस आली, व १८३९ पासून १८६२ सालीं मरण येईपर्यंत नगर हेंच तिचें कार्यक्षेत्र राहिलें. तिच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिल्या होत्या, आणि आपल्या कार्यास त्यांपासून मिळालेली प्रेरणा त्यांनीं स्वतः बोलून दाखविली आहे. धर्मप्रसाराचा हेतु त्या शाळांमागें होता हें उघड आहे, व त्यावरून त्या काळीं वादही माजले. तथापि मुलगी पाटी-दप्तर घेऊन भर रस्त्यानें जाते हें दृश्य नगरच्या लोकांनीं मुंबई-पुण्याच्या बरोबरीनें, किंबहुना महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांच्या आधीं, पाहिलें. मुलींच्या शिक्षणास जें यश येतें तें एका गांवच्या एका शाळेमुळें येत नाहीं. बिऱ्हाड हललें, बदली झाली, तरी पुढच्या गांवीं शाळा तयार असावी लागते. अशी सांखळी जोडली गेली म्हणजेच फिरत्या घरांतली मुलगी मॅट्रिकपर्यंत पोंचूं शकते. त्या सांखळीची एक जुनी कडी नगरची आहे, एवढा हक्क आम्ही निःशंकपणें सांगूं शकतों. प्रमाणांनीं सिद्ध होणारा हा हक्क एखाद्या संशयित पाटीपेक्षां मोठाच आहे.

४

यापुढें महाविद्यालय. कमलाबाई १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायन हा मुख्य व पदार्थविज्ञान हा गौण विषय घेऊन उत्तीर्ण झाल्या, व त्यांचें नांव गुणानुक्रमांत सर्वांत वर होतें. यापर्यंत सर्व वृत्तांत एकमत आहेत. पण त्या कोणत्या महाविद्यालयांतून बसल्या हें सांगतांना कित्येक इंग्रजी लेखांत 'बाँबे प्रेसिडेन्सी कॉलेज' असें नांव छापलेलें आढळतें. मुंबईच्या शिक्षणेतिहासाची ज्यास थोडीबहुत माहिती आहे त्यास हें नांव वाचतांच थांबावें लागतें. प्रेसिडेन्सी कॉलेज कलकत्त्यास होतें, मद्रासेस होतें. मुंबईस त्या नांवाचें महाविद्यालय नव्हतें. मुंबईचें सरकारी महाविद्यालय म्हणजे एल्फिन्स्टन. शिवाय विल्सन व सेंट झेवियर हीं मिशनऱ्यांचीं. आणि १९२० सालीं विज्ञानासाठींच निघालेली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. 'बाँबे प्रेसिडेन्सी' म्हणजे मुंबई इलाखा. इलाख्याचें नांव कोणीतरी महाविद्यालयाचें समजला, आणि पुढच्यांनीं तें तसेंच उतरून घेतलें, असाच ह्या चुकीचा उगम असला पाहिजे.

ही चूक लहान असली तरी तिजवरून ह्या चरित्रवाङ्मयाची घडण कळते. दहा ठिकाणीं एकच विधान आलें म्हणजे दहा साक्षी झाल्या असें नव्हे. एकाच मुळांतून दहा नकला निघाल्या असतील, तर साक्ष एकच. मुंबईच्या कोणत्याही जुन्या पदवीधरास विचारलें असतें तर हें नांव तत्काळ खोडलें गेलें असतें. तें खोडलें गेलें नाहीं, ह्याचा अर्थ विचारण्याची तसदी कोणीं घेतली नाहीं.

५

आतां मुख्य प्रसंगाकडे येऊं. तो थोडक्यांत असा सांगतात. बी.एस्सी.नंतर कमलाबाईंनीं बंगळूरच्या संस्थेंत संशोधनासाठीं अर्ज केला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून, तो नाकारला. वडिलांनीं व चुलत्यांनीं विनंती केली, तिचाही उपयोग झाला नाहीं. तेव्हां कमलाबाई स्वतः बंगळूरास जाऊन धडकल्या, व प्रवेश मिळेपर्यंत दारापासून हलणार नाहीं असा त्यांनीं निर्धार केला. अखेर रामन् यांनीं अटी घातल्या: पहिलें वर्ष परीक्षेचें, काम पसंतीस उतरल्यासच तें जमेस धरलें जाईल, मार्गदर्शक सांगतील त्या वेळीं, रात्रीं अपरात्रींसुद्धां, काम केलें पाहिजे, आणि प्रयोगशाळेंतील पुरुषांचें चित्त विचलित होतां कामा नये. ह्या अटी त्यांनीं मान्य केल्या. श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं दूध, कडधान्यें इत्यादि अन्नपदार्थांतील प्रथिनांवर त्यांनीं काम केलें, आणि १९३६ सालीं त्या एम्.एस्सी. झाल्या.

ह्या वृत्तांताचें प्रमाण काय? रामन् यांचा मृत्यु १९७० सालीं झाला. त्यांच्या बाजूनें लिहिलेलें उत्तर ह्या लेखांपैकीं एकानेंही पुढें आणलेलें नाहीं. जें सांगितलें जातें तें कमलाबाईंच्या स्वतःच्या आठवणींवरून, आणि त्या आठवणी त्यांनीं जाहीरपणें सांगितल्या त्या आयुष्याच्या उत्तरार्धांत. अशा साक्षीकडे संशोधकानें सावधपणें पाहिलें पाहिजे. शब्दशः संवाद म्हणून जीं वाक्यें छापलीं जातात त्यांवर तर मुळींच विसंबूं नये. साठ वर्षांपूर्वींचें संभाषण कोणाच्याही स्मरणांत अक्षरशः राहत नाहीं. परंतु संवाद सोडून प्रसंगाचें सार घेतलें तर तें अविश्वसनीय मानण्यास कांहीं कारण नाहीं. कालक्रम जुळतो: रामन् हे १९३३ सालींच संचालक झाले, व कमलाबाईंची पदवीही त्याच वर्षाची. साक्ष देणाऱ्या व्यक्तीस त्यापासून कांहीं लाभ नव्हता. त्यांचें नांव तोंवर आपल्या कामानें झालेलें होतें. शिवाय त्यांनीं रामन् यांचें शास्त्रज्ञ म्हणून मोठेपण मान्य करूनच ही तक्रार सांगितली आहे. केवळ द्वेषानें बोलणारा असें करीत नाहीं.

येथें एक दुरुस्ती मात्र आवश्यक आहे. बंगळूरच्या संस्थेंत प्रवेश मिळविणारी पहिली स्त्री असें कमलाबाईंस सर्रास म्हटलें जातें. संस्थेच्या जुन्या कागदांवरून पाहतां विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांतच तेथें स्त्रीविद्यार्थ्यांचीं नांवें आढळतात. ही दुरुस्ती कमलाबाईंच्या भक्तांस रुचणार नाहीं. तथापि तिचा परिणाम काय होतो तो पाहावा. त्या पहिल्याच होत्या असें धरलें तर रामन् यांचा नकार हा रूढीचा भाग ठरतो: संस्थेंत स्त्रिया नव्हत्याच, संचालकानें पूर्वापार चालत आलेलें चालू ठेवलें, असें म्हणून त्यांस सोडतां येतें. परंतु स्त्रिया आधीं येऊन गेल्या असतील तर नकार रूढीचा उरत नाहीं. उघडलेलें दार नव्या अधिकाऱ्यानें पुन्हां लोटलें, असा त्याचा अर्थ होतो, आणि कमलाबाईंच्या तक्रारीचें वजन कमी न होतां वाढतें. म्हणजे ज्या बिरुदानें त्यांचा गौरव होतो असें लेखकांस वाटतें, तेंच बिरुद त्यांच्या प्रतिपक्षाचा बचाव करून जातें.

तसेंच, कमलाबाईंच्या यशानें रामन् यांचें मत बदललें व पुढें सर्व स्त्रियांस दार मोकळें झालें, असा जो गोड शेवट केला जातो तोही तपासून घ्यावा. पुढें स्त्रिया आल्या हें खरें. १९४० सालीं अॅना मणी ह्या रामन् यांच्याच प्रयोगशाळेंत दाखल झाल्या. हिरे व माणकें यांच्या प्रकाशगुणांवर त्यांनीं कित्येक निबंध प्रसिद्ध केले. तरी एम्.एस्सी. नाहीं ह्या सबबीवर त्यांस डॉक्टरेट देण्यांत आली नाहीं. दार मोकळें झालें असेल, पण आंतल्या वाटेवर अडथळे होतेच.

६

केंब्रिजचा भाग पूर्वचरित्राचा शेवट म्हणून येथें घेतों. कमलाबाई १९३७ च्या सुमारास तेथें न्यूनहॅम ह्या स्त्रियांच्या महाविद्यालयांत दाखल झाल्या. जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा त्या वेळीं सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांच्या हातीं होती. जीवनसत्त्वांविषयींच्या कामाबद्दल त्यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक विभागून मिळालें होतें. ह्या प्रयोगशाळेचें वैशिष्ट्य असें, कीं मार्जोरी स्टीफन्सन, डोरोथी नीडहॅम यांच्यासारख्या स्त्रिया तेथें बरोबरीच्या नात्यानें काम करीत. बंगळूरास ज्या मुलीला परीक्षेच्या अटीवर घेतलें, तिला येथें डेरेक रिक्टर यांनीं दिवसां आपलें टेबल वापरावयास दिलें व आपण रात्रीं काम केलें. पुढें रॉबिन हिल यांच्या देखरेखीखालीं वनस्पतींच्या श्वसनक्रियेवर काम करीत असतां कमलाबाईंस बटाट्याच्या पेशींत 'साइटोक्रोम-सी' हें द्रव्य आढळलें. हें लोहयुक्त प्रथिन पेशींतील श्वसनक्रियेंत इलेक्ट्रॉन एकाकडून दुसरीकडे पोंचविण्याचें काम करतें. प्राण्यांत त्याचा अभ्यास झाला होता. वनस्पतींतही श्वसनाची तीच व्यवस्था चालते ह्या समजुतीस ह्या कामानें बळ आलें. प्रबंध अवघा चाळीस पानांचा, आणि काम सुमारें चौदा महिन्यांचें. १९३९ सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली.

येथें दोन गोष्टी चरित्रकारांच्या नजरेंतून सुटल्या आहेत. पहिली, केंब्रिजच्या पदवीची. त्या विद्यापीठानें स्त्रियांस पूर्ण सदस्यत्वासह पदव्या देण्यास आरंभ केला तो १९४८ सालीं. त्यापूर्वीं स्त्रियांस पदवीचें नांव मिळे, पण विद्यापीठाच्या कारभारांतील अधिकार मिळत नसत. म्हणजे बंगळूर तेवढें मागासलेलें व केंब्रिज तेवढें उदार, अशी जी सोपी विभागणी केली जाते ती पुरती खरी नाहीं. उदार होती ती हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा. विद्यापीठाचा कायदा नव्हे.

दुसरी गोष्ट 'पहिली' ह्या शब्दाची. विज्ञानांत डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून कमलाबाईंचा उल्लेख होतो. पण मलबारांतील तेल्लिचेरीच्या जानकी अम्माळ यांस अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठानें वनस्पतिशास्त्रांतील कामाबद्दल १९३१ सालींच डी.एस्सी. दिली होती. भारतीय विद्यापीठाची विज्ञानांतील डॉक्टरेट म्हटली तर कलकत्त्याच्या असीमा चटर्जी यांचें नांव १९४४ सालाखालीं येतें. प्रत्येक 'पहिली' आपापल्या मर्यादेंत खरी आहे: अम्माळ यांची परदेशी डी.एस्सी., कमलाबाईंची केंब्रिजची पीएच्.डी., चटर्जी यांची स्वदेशी डी.एस्सी. मर्यादा सांगितली म्हणजे तिघींसही जागा होते. ती गाळली म्हणजे एकीचा गौरव दुसरीस पुसून करावा लागतो, आणि तें तिघींपैकीं कोणासही शोभणारें नाहीं.

७

एवढ्या छाननीनंतर पूर्वचरित्राचें जें चित्र उरतें तें असें. रसायनशास्त्र जाणणाऱ्या वडिलांच्या व चुलत्यांच्या घरीं जन्म. मुलींच्या शाळा गांवोगांव उभ्या राहिल्या होत्या अशा महाराष्ट्रांत बालपण. मुंबई विद्यापीठांत विज्ञानाची पदवी व गुणानुक्रमांत पहिलें स्थान. ज्या संस्थेंत वडील शिकले तिथेंच अडवणूक व अटींचें एक वर्ष. शिक्षक या नात्यानें श्रीनिवासय्या, रिक्टर, हिल व हॉपकिन्स यांचें साहाय्य. आणि १९३९ सालीं डॉक्टरेट. या चित्रांत दाराचा प्रसंग आहे, परंतु त्याच्या मागेंपुढें माणसें आणि संस्थाही आहेत.

प्रचलित चरित्रांत हीं माणसें दिसेनाशीं झालीं आहेत. एका बाजूस एक करारी मुलगी व दुसऱ्या बाजूस एक हट्टी संचालक, एवढेंच नाट्य उरलें आहे. तें वाचून आजच्या शाळेंतील मुलीनें काय घ्यावें? धैर्य असलें कीं दार उघडतें, एवढेंच. पण कमलाबाईंपाशीं धैर्याखेरीज घरांत रसायनशास्त्र होतें, बहिणीचा सहवास होता, वाटेवरच्या गांवांतून शाळा होत्या, विद्यापीठाची निःपक्षपाती परीक्षा होती. ह्यांतलें एकही नसतें तर त्या दारापर्यंत पोंचल्याच नसत्या, आणि न पोंचलेल्यांची हकीकत कोणीं लिहिली नसती. तशा न पोंचलेल्या मुली त्या पिढींत किती असतील याचा विचार मनांत आणला म्हणजे घर, शाळा व शिक्षक यांची नोंद चरित्रांत कां हवी हें कळतें.

त्यांच्या पुढील कामावरही ह्या शिक्षणाचा ठसा दिसतो. केंब्रिजहून परत आल्यावर दिल्लीचें लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण-संशोधनशाळा, आणि १९४७ सालीं श्री. सोहोनी यांच्याशीं विवाह झाल्यानंतर मुंबईची विज्ञानसंस्था, ह्या सर्व ठिकाणीं त्यांनीं हातीं घेतले ते विषय बहुतेक अन्नाचे: कडधान्यें, भाताचें पीठ, नीरा. बंगळूरास विद्यार्थिनी असतांना दूध व डाळी यांच्या प्रथिनांवर जें लक्ष गेलें तें शेवटपर्यंत हललें नाहीं. 'आहारगाथा' हें मराठी पुस्तक लिहून त्यांनीं तेंच शास्त्र घरोघरच्या स्वयंपाकघरांत नेलें. १९९८ सालीं त्या वारल्या.

राहतां राहिलें नगरचें काम. दुर्गाबाईंच्या वास्तव्याचा काल १९१५ ते १९२५ ह्यांच्या दरम्यान कोठें तरी पडतो. त्या दशकांतील मुलींच्या शाळांचीं जनरल रजिस्टरें आमच्या जिल्ह्यांत जेथें जेथें शिल्लक असतील तेथें तीं वाळवीपासून वांचविलीं पाहिजेत, आणि 'भागवत' ह्या नांवासाठीं एकदां चाळलीं पाहिजेत. दुर्गाबाईंच्या दीर्घ मुलाखतींवरून प्रतिभा रानडे यांनीं लिहिलेलें 'ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी' हें पुस्तक हाताशीं ठेवून तें काम केल्यास अधिक सोपें होईल. एक नोंद दोघी बहिणींची निघाली तर उत्तमच. एकीचीच निघाली तर तेवढीच छापावी. आणि भागवतांऐवजीं त्या पानांवर ज्या शेंकडों मुलींचीं नांवें, वयें व शाळा सोडल्याचीं कारणें सांपडतील, तीं उतरून घेण्यास विसरूं नये. कमलाबाई ज्या पिढीच्या होत्या त्या पिढीचा इतिहास त्या कारणांच्या रकान्यांत आहे.